उपासाला चहा चालतो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पेरूचं क्रेट उचलणं. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला मथुरा, माझी बायको. झाडापासून शेडपर्यंत काही लांब नाही, पण मध्येच ती थांबली, क्रेट मांडीवर टेकवलं आणि म्हणाली, "अवं, जरा हळू चला की. कुनी मागं लागलंय का आपल्या?"

मी म्हणालो, "तुझा फोटू साफ आलाय न्हवं? मग धाप कशाची लागती?"

"फोटू काळजाचा काढला. गुडघ्याचा कुटं काढला?" ती म्हणाली आणि हसली. मग आम्ही पुन्हा उचललं. शेडमध्ये नेऊन ठेवलं. वरचे दोन पेरू राघूंनी टोचलेले होते, ते तिने काढून पदरात घेतले. जेवणात पिठलं-भाकरी होती. ते टोचलेले पेरू तिने कापून मला अर्धे दिले. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही.

आता पुन्हा पेरू आलाय. पावसाळ्यात लागलेली फळं थंडी पडली की पिवळी पडायला लागतात. दव पडलेलं असतं तोवर वास येत नाही. ऊन वर आलं की मग सगळ्या बागेतून वास सुटतो. शिर्डीच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्या काचा खाली करतात. पूर्वी त्या वासाने मला काम आठवायचं. तोडा कधी, क्रेट किती, टेम्पो कुणाचा. यंदा तो वास सुटला की मी बागेतून उठून घरात येतो. माणूस गेल्यावर घर खायला उठतं असं लोक म्हणतात. मला घराचं काही वाटत नाही. घरात ती नुसती झोपायला आणि रांधायला असायची. मला बाग खायला उठते. बागेत ती दिवसभर असायची.

तिच्या हातांना पेरूचा वास असायचा, तो चैत्रापर्यंत जायचा नाही. लग्नात, बारशात, कुठेही गेली तरी बायका म्हणायच्या, "मथाबाई आल्या वाटतं." न बघता. तोड्याच्या दिवसांत दुपारनंतर ती रस्त्याच्या कडेला छत्री उभी करून पाटी मांडून बसायची. गाडीवाला थांबला की आधी एक पेरू कापून हातात द्यायची, मग बोलायची. मी म्हणायचो, आधी भाव ठरव. ती म्हणायची, "त्वांडात घास असला म्हंजी मानूस भांडत न्हाई." खरं होतं ते. मी छत्रीखाली बसलो की लोक भांडायचे.

आणि पाला जाळू द्यायची नाही. आजूबाजूचे सगळे बागवान पाला गोळा करून काडी लावतात. धूर रस्त्यावर जातो. आमच्याकडे झाडाचा पाला झाडाखालीच. छाटणीच्या डहाळ्या बारीक करून त्याच जागी. मी एकदा तिला न विचारता काडी लावली तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "झाडानं आपल्याला फळ दिलं. त्याचं अंथरून-पांघरून तरी राहू द्या त्याला." वैजू तेव्हा लहान होती. तिने ते ऐकलं असणार.

वैजू म्हणजे आमची वैजयंती, एकुलती एक. ती डॉक्टर आहे, नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात. कागदावर शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पण एस्टीत अजून कंडक्टर नगरच ओरडतो. वैजू सुई टोचत नाही, गोळ्या लिहीत नाही, कापाकापी करत नाही. ती हृदयाचे फोटो काढते आणि वाचते. आधी मुंबईला शिकली, मग परदेशात जाऊन नुसतं हृदयच शिकली. परत आली तेव्हा शेजारचा बबन मला म्हणाला, "अण्णा, येवडी शिकिवली आन् पोरगी फोटू काढती? फोटूचं दुकान तर आपल्या राहात्यात बी टाकता आलं असतं."

मीही तिला तेच म्हणालो होतो. तोंडावर. ती हसली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही कलिंगड घेताना वाजवून बघता ना? कापून बघत नाही. तेच माझं काम."

पुण्याला तिला बोलावत होते. ती गेली नाही. म्हणायची, पाथर्डीचा, शेवगावचा, अकोले तालुक्यातला माणूस छातीत दुखलं की जीप करून पुण्याला जातो. एकदा तपासायला, एकदा रिपोर्ट घ्यायला, एकदा दाखवायला. माणसाचा जीव दमतो, डिझेल जळतं ते वेगळंच. म्हणून तिने नगरला बसून असं केलं की माणसाने एकदा यायचं, तपासून घ्यायचं आणि त्याच दिवशी शेवटच्या एस्टीने घरी जायचं. रिपोर्ट मोबाईलवर. लांबच्या गावांना दुपारचा नंबर, जवळच्यांना सकाळचा.

तिचं हे खूळ दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. फोटो काढताना माणसाच्या अंगात एक औषध सोडतात, फोटोत रंग यावा म्हणून. बाटलीत थोडं उरतं. बाकीचे मोरीत ओततात. ती म्हणायची, मोरीतून ते सीना नदीत जातं, आणि पाण्यातून ते काढायची चाळणी अजून कुणाकडे नाही. मग तिने उरलेलं गोळा करायला कॅन ठेवला. मशीनमध्ये कुणी नसताना ते नुसतं चालू ठेवायचं नाही. फोटोची काळी प्लास्टिकची फिल्म छापायची नाही. आणि ज्याची गरज नाही तो फोटो काढायचाच नाही. यावरून तिची साहेब लोकांशी भांडणं व्हायची. मला हे सगळं ऐकून राग यायचा. एकदा मी म्हणालो, "मानसं मरायला टेकलेली येत्यात, आन् तू बाटलीतला थेंब मोजत बसती व्हय?"

ती म्हणाली, "तुम्ही पाणी देताना शेवटच्या झाडापाशी उभं राहून बारं मोडता, पाणी वळवता. पाणी ओढ्याला गेलं तर आईला शिव्या घालता. मी काय वेगळं करते?"

तिची आई तिथेच पेरू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाप-लेक सारखीच भांडकुदळ."

गेल्या हिवाळ्यात मथुराला चढाला धाप लागायला लागली. क्रेट उचललं की लागायची. रस्त्यापर्यंत चाललं की लागायची. वैजूने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, घेऊन या, ताणाचा फोटो काढू. मला वाटलं आईला कसलं टेन्शन आलंय असं म्हणते. मग तिने मला समजावून सांगितलं, माझ्याच भाषेत.

"अण्णा, उन्हाळ्यात बागेला ताण का देता?"

"पानी तोडलं की झाड झोपतं. मग पाऊस आला की समदी फुलं येकदम निघत्यात, बहार धरतो."

"आणखी काय कळतं ताणात?"

"आनखी काय. कोन्तं झाड मुळातनं किडलंय ते कळतं. पान्यात समदीच हिरवी दिसत्यात. ताणात किडकं आधी माना टाकतं."

"बरोबर. आम्ही औषध देऊन आईच्या हृदयाला चार मिनिटं ताण देणार. कुठल्या भागाला रक्त पोचत नाही ते तेवढ्यात दिसतं. एरवी सगळं हिरवंच."

हे मला एका झटक्यात समजलं. वैजूच्या शिक्षणातलं मला पहिल्यांदा काहीतरी समजलं आणि मी ते बबनला जाऊन सांगितलं. बबन म्हणाला, "म्हंजी वहिनीचा बहार धरायचाय म्हना की." मथुराने त्याला हातातला पेरू फेकून मारला.

आदल्या दिवशी वैजूचा फोन आला. "अण्णा, उद्या आईला उपाशी आणा. बाकीचं मोबाईलवर पाठवलंय, वाचा." मी बरं म्हणालो. मोबाईल मला फक्त फोन घ्यायला येतो.

पहाटे उठून आम्ही एस्टीची तयारी केली. ती पातळ नेसत होती, मी चुलीपाशी होतो. तिने आतून विचारलं, "अवं, उपाशी यायला सांगितलंय. च्या चालंल का?"

मी म्हणालो, "उपासाला च्या चालतो की. येकादशीला पिती, चतुर्थीला पिती. आज काय झालं?"

"तसं न्हवं. ह्यो दवाखान्याचा उपास हाय."

"उपास त्यो उपास. च्यानं मोडतो व्हय?"

आणि मी केला. गुळाचा, आलं घालून. ती नेसून बाहेर आली, उंबऱ्यावर बसून प्याली. बाहेर दव पडत होतं. बशीत उरलेला मी प्यालो. ती म्हणाली, गूळ लई टाकला. आता हे सांगताना मला त्या गुळाची चव जिभेवर येते. इतकी वर्षं हजारो कप प्यालो असू, त्यातला एकच कप चवीसकट आठवतो, आणि आठवायला नको असतो.

दवाखान्यात एका पोरीने विचारलं, "आजी, काही खाल्लं-प्यालं नाही ना?"

"न्हाई बाई. कडक उपाशी हाय."

मी शेजारीच होतो. मीही म्हणालो, "व्हय, उपाशीच आनलंय." दोघं खोटं बोललो नाही. आमच्या घरात ज्याला उपाशी म्हणतात तेच सांगितलं. त्या पोरीकडे आणखी प्रश्नांचा कागद होता, पण मॅडमच्या आईला काय विचारत बसायचं म्हणून तिने तो बाजूला ठेवला. मान दिला तिने. आम्हालाही बरं वाटलं तेव्हा.

मशीनच्या आत आई आणि काचेपलीकडे लेक. दार बंद होतं तरी मला वैजूचा आवाज यायचा. "आई, श्वास घे. सोड. आता थांब. थांब. घे आता." बाहेर आल्यावर मथुरा बाकावर बसली आणि मला म्हणाली, "जलमभर म्या तिला म्हनलं, ऊठ, बस, केस विंचर. आज तिनं माजा श्वास बी तिच्या मर्जीनं घ्यायला लावला." ती खुश होती. लेकीचं राज्य तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

थोड्या वेळाने वैजू आली. तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, "साफ आहे. हृदय छान आहे तुझं."

"मग मला दे की त्याचा येक फोटू. भितीला लावते."

"आई, ते प्लास्टिक असतं. मी छापत नाही. मोबाईलवर पाठवते."

"मोबाईल कुनाला बघता येतोय मेला." मग तिघंही हसलो. येताना एस्टीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, राहुरीपासून राहात्यापर्यंत. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी मी हलवला नाही. तेवढी एक गोष्ट मी त्या दिवशी बरोबर केली.

फोटो साफ आहे म्हणून मी तिला क्रेट उचलू दिलं. नाहीतर दिलं नसतं.

वैजू आली, सगळं केलं, रडली नाही. तेरावं झाल्यावर मला म्हणाली, "अण्णा, मी चुकले. माझ्या समोर होतं आणि मला दिसलं नाही."  मला तेव्हा काही माहीतच नव्हतं. मला वाटलं चुकली असेल. मनात रागही होता, खोटं कशाला सांगू. एवढं शिकून स्वतःच्या आईचं दिसलं नाही, असं मला वाटलं. ती परत गेली आणि तिने हृदयाचे फोटो बघणं बंद केलं. हाडं बघते, पोटं बघते, गरोदर बायकांचं बघते. हृदय आलं की पुण्याला पाठवते.

उन्हाळा आला. बागेला ताण दिला. एकट्याने. ताणातली बाग बघवत नाही, पानं मिटतात, झाडं म्हाताऱ्यांसारखी उभी राहतात. दरवर्षी मथुरा म्हणायची, "पुरं झालं, द्या आता पानी, तहानलीत." मी द्यायचो नाही. यंदा तसं म्हणणारं कुणी नव्हतं, तरी बारं मोडून पाणी सोडायला जायचं माझं मन व्हायचं.

त्या दिवसांत तिचा एक फोटो पाहिजे होता. घरात एकच आहे, आधारकार्डावरून मोठा केलेला, त्यात ती चोरासारखी दिसते. मला वाटलं माझ्या मोबाईलमध्ये असेल एखादा. बबनच्या सुनेला म्हणालो, बघ बाई. ती ओट्यावर बसून बोटाने वर-खाली करत राहिली. म्हणाली, "अण्णा, फोटू न्हाई. वैजूताईचा येक कागद हाय, वाचू का?"

वैजूने पाठवलेला तो कागद. तपासणीला येण्याआधी काय करायचं, ते. सून वाचत गेली. धातूचं काही घालू नका. चालू औषधांची नावं आणा. आणि मग, "तपासणीआधी पूर्ण एक दिवस चहा-कॉफी घेऊ नका. कोरा नाही, दुधाचा नाही, गुळाचा नाही, उपासाचा चहासुद्धा नाही. चहा घेतल्यास ताणाचं औषध लागू पडत नाही आणि दोष असूनही फोटो साफ दिसू शकतो. चुकून घेतला असल्यास सांगा, कुणी रागावणार नाही."

उपासाचा चहासुद्धा नाही. हे पुस्तकात नसणार. हे ती आईच्या चुलीपुढे बसून शिकली होती. साऱ्या जिल्ह्याला तिने ते लिहून पाठवलं होतं, आणि आम्हालाही. भिंतीला लावलेला कागद असता तर मी वाचला असता. मोबाईलमधला कागद मला कागद वाटत नाही.

मला कळलं की वैजूचं काही चुकलं नव्हतं. झाडाला ताण दिलेला असताना कुणीतरी गुपचूप पाणी सोडावं, आणि मालकाने येऊन म्हणावं, वा, सगळी हिरवी. ताण मी तोडला होता.

तरी मी तिला सांगितलं नाही. उन्हाळाभर नाही, पावसाळाभर नाही. फोन यायचा, जेवलात का, गोळी घेतली का. मी हो म्हणायचो. जिभेवर यायचं आणि परत जायचं. लेक रागावेल याचं भय नव्हतं. एकदा तोंडातून बाहेर पडलं की ते खरं होईल, याचं भय होतं. तोवर ते नुसतं मोबाईलमध्ये होतं. मी रोज बागेत जायचो, मथुराशी बोलायचो. तिला विचारायचो, सांगू का. ती काय बोलणार. ती असती तर म्हणाली असती, "च्या तुमी क्येला, सांगायचं बी तुमीच." या वाक्यासाठी मला ती पाहिजे होती. ती नव्हती म्हणून मी गप्प राहिलो.

मागच्या महिन्यात बबन आला. पहिल्या तोड्याचे दिवस होते. छातीवर हात ठेवून बांधावर बसला. म्हणाला, "अण्णा, मला बी तसलाच फोटू काढायला सांगितलाय. नगरला गेल्तो. म्हनले मॅडमनी हृदयाचं बंद केलंय, पुन्याला जावा. जीप ठरवतोय. आता ह्या वयात पुन्याला कितींदा जायाचं?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या वैजूला येकडाव बोला की. तिच्यासारखं कोन बघत न्हाई म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत पेरू भरले आणि एस्टी धरली.

वैजूचं घर सावेडीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. दुपारची वेळ. जावईबापू कामावर होते. ती सुट्टीवर होती. गॅलरीत तिने एका पिंपात घरातला ओला कचरा आणि पाला कुजत घातलाय, त्याला आईच्या झाडाखालच्या पाल्यासारखाच वास येतो. दार उघडंच होतं. ती टेबलापाशी पाठमोरी बसली होती, समोर लॅपटॉप. त्यात काहीतरी काळं-पांढरं हलत होतं. उघडायचं, मिटायचं. उघडायचं, मिटायचं.

मी म्हणालो, "ह्ये काय गं?"

ती दचकली नाही. म्हणाली, "आई."

मी पिशवी खाली ठेवली. शेजारी खुर्ची ओढून बसलो. छातीतलं मूठभर मांस, पण कसं काम करत होतं. मधेच थांबत नव्हतं. मथुराने कधी हातातलं काम अर्धं टाकलं नाही, तसंच. मातीआड झालेल्या माणसाचं हृदय माझ्यापुढे चालू होतं आणि त्याला काहीच माहीत नव्हतं. मी काचेला बोट लावलं. किती वेळ बसलो सांगता येत नाही. मला वाटलं, हे असंच राहू द्यावं, आपण काही बोलू नये, दोघांनी रोज इथे बसावं आणि बघावं. वैजू वर्षभर तेच करत होती.

मग मी म्हणालो, "वैजू, त्या दिशी तुझी आई च्या पिऊन आल्ती."

तिने मान वळवली नाही. "किती?"

"कपभर."

"किती वाजता?"

"पाचला. आन् आदल्या दिशी बी, रोजच्यासारखा. म्या करून दिला. तिनं इचारलं हुतं चालंल का. म्या म्हनलो चालतो."

 मग तिने लॅपटॉपमध्ये दुसरं काहीतरी उघडलं आणि हृदयाच्या खाली, बाजूला, एका जागी बोट ठेवलं. "ही पाणथरी, पुस्तकात प्लीहा म्हणतात ती. ताणाचं औषध लागलं की ही काळी पडते. आईची बघा. पांढरीच आहे. म्हणजे औषध लागलंच नव्हतं. हे मी शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवशी शिकवते, आधी पाणथरी बघा, मग हृदय." ती थांबली. "मी हृदयच बघत राहिले. तेव्हाही आणि नंतरही. आईचं होतं ना."

मीही त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून बघितलं.

"तुम्हाला कधी कळलं, अण्णा?"

"उन्हाळ्यात."

"आता हिवाळा आहे."

"व्हय."

ती उठून आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बंद होईना. दुसऱ्यांचे नळ बंद करत फिरणारी पोर. मी बसून ऐकत राहिलो. 

नळ थांबला. ती तोंड पुसत बाहेर आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी. "चहामुळे आई गेली नाही. तिला रोग होताच. चहा नसता तर मला दिसला असता. दिसला असता तर तिला इलाज मिळाला असता. मग वाचली असती का, ते मलाही सांगता येणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही मी."

"नगं सांगू."

"कागद छापून द्यायला पाहिजे होता. एक कागद वाचवला मी."

"आला असता तर म्या वाचला असता," मी म्हणालो. ते बोलायला नको होतं. पण खरं होतं, आणि तिने मान हलवली.

जेवताना मी तिला बबनच्या छातीचं सांगितलं, तिने नुसती भाकरी वाढली. जावईबापू आले, त्यांनी पेरू कापले, एकट्यानेच खाल्ले. मी तिची माफी मागितली नाही. ती काय शब्दांनी होणारी गोष्ट आहे? तिनेही माफ केलं असं म्हटलं नाही. अजून म्हटलेलं नाही.

सकाळी उठलो तर ती कामावर जायच्या कपड्यांत उभी होती. म्हणाली, "चला माझ्याबरोबर. आईच्या फाईलमध्ये चुकीची नोंद आहे. ती तशीच राहिली तर पुढे जो कुणी तो फोटो बघेल त्याला वाटेल, असं हृदय साफ असतं."

तिच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. दवाखान्यात तिने मला तिच्या खोलीत बसवलं, कोरा कागद काढला आणि पेन उघडलं. "तुम्ही सांगा, मी लिहिते. खाली सही करा."

"न्हाई," मी म्हणालो. "आन हिकडं. म्या लिहितो."

चौथी सुटल्यापासून मी सह्यांशिवाय काही लिहिलेलं नव्हतं. अक्षरं रेघ सोडून खाली उतरत होती. बाहेर माणसं तिची वाट बघत होती, दोनदा कुणीतरी दार उघडून बघून गेलं, पण ती उठली नाही. मी लिहिलं, माझी बायको मथुरा हिने तपासणीच्या दिवशी पहाटे पाच वाजता चहा घेतला होता. तो मी केला होता. तिने मला विचारलं होतं, चालेल का. मी चालतो म्हणालो.

सही केली. वैजूने कागद घेतला, उभ्या-उभ्या वाचला आणि फाईलमध्ये लावला.